रेंजच्या आंब्यावरून आलेला फोन

रिटायर झाल्यापासून कुठल्याही लग्नात गेले की पंगतीत कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमच्या बँकेवर कधी दरोडा पडला का हो?" मी म्हणते, पडला की! तोंडाला फडकं नाही, हातात कोयता नाही, शाखेच्या दारातसुद्धा कुणी आलं नाही, तरी दरोडा पडला. एकदा आम्ही हरलो आणि एकदा जिंकलो. हरलेलं थोडक्यात सांगते, कारण त्याचं अजून वाईट वाटतं. जिंकलेलं मात्र सविस्तर सांगणार आहे. ते सांगताना माझा आवाज चढतो असं घरातले म्हणतात. चढू दे. बँकेत पस्तीस वर्षं हळू आवाजात बोलले, तेवढं पुरे झालं.

आधी या दरोड्याची रीत समजून घ्या, नाहीतर मजा कळायची नाही. तुमच्या खात्याची किल्ली आता तुमच्या मोबाईल नंबरात असते. पैसे पाठवा, पासवर्ड बदला, ठेव मोडा, बँक त्या नंबरावर सहा आकडे पाठवते. ते आकडे ज्याच्या हातात, त्याला बँक मालक समजते. चोर तुमचा फोन चोरतच नाही, तो नंबर चोरतो. गोड बोलून किंवा दम देऊन जन्मतारीख, आधार काढून घेतो आणि मोबाईल कंपनीला सांगतो, "माझं सिम हरवलं, त्याच नंबराचं दुसरं द्या." खात्री करायला कंपनी तुमच्या फोनवर मेसेज टाकते, त्याला होकारही तो तुमच्याकडूनच वदवून घेतो. तिकडं त्याचं सिम चालू झालं की इकडं तुमच्या खिशातलं सिम मेलं. फोन तोच, चार्जिंग फुल, फक्त वरच्या रेघा गायब. आपण म्हणतो, रेंज गेली वाटतं, येईल थोड्या वेळानं. तेवढ्यात खातं साफ!

यात आपल्या बाजूचा नियम एकच. नव्या सिमवर बोलता लगेच येतं, पण पहिले चोवीस तास मेसेज येत नाहीत. म्हणजे ते सहा आकडे मिळायला चोराला एक दिवस कळ काढावी लागते. तो एक दिवस आपला असतो, आपल्याला कळलं तर.

रहिमतपूरला असताना मला हे नीट ठाऊक नव्हतं. एक निवृत्त गुरुजी काउंटरला आले आणि म्हणाले, "मॅडम, कालपासून फोन लागत नाही, आणि मनात उगीच शंका येते. माझं खातं जरा बंद करून ठेवता का?" महिन्याची अखेर होती, समोर ही रांग. मी म्हटलं, "गुरुजी, फोनचं दुकानदाराला विचारा. खातं बंद करायचं तर रीतसर अर्ज आणा." दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन आले. अक्षर इतकं सुंदर, शाळेत फळ्यावर लावावं असं. खात्यात तोवर काही उरलं नव्हतं. त्यांना ते माहीत नव्हतं. ते मला विचारत होते, "कालची तारीख घातली तर चालेल ना?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी एक खोड लावून घेतली. प्रत्येक पासबुकाच्या कव्हरवर मी बॉलपेननं माझा स्वतःचा नंबर लिहायची, ठळक, आजीलाही चष्म्याशिवाय दिसेल असा. आणि तोंडी सांगायची, "फोन मेला तर आधी मला फोन करा, मग दुकानात जा." वरच्या ऑफिसातून कानउघाडणी झाली की मॅनेजरनं असं वैयक्तिक नंबर वाटत सुटू नये. मी "हो साहेब" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी पाच पासबुकांवर लिहिला. रात्री-बेरात्री कुणाकुणाचे फोन यायचे ते विचारूच नका. एकानं तर म्हैस व्यायली म्हणून सांगायला केला होता.

पुढं बदली शिराळ्याला झाली. शाखेत माझ्या हाताखाली कुंभार म्हणून क्लार्क होते, पश्चिमेच्या डोंगरकडेचे. कामाला वाघ, बोलायला त्याहून वाघ. पहिल्याच महिन्यात बचत गटाच्या बैठकीला ते मला त्यांच्या शेजारच्या गावात घेऊन गेले. गावाचं नाव सांगत नाही. ते गाव असं खोबणीत बसलंय की घरात, गल्लीत, देवळात कुठंही मोबाईलला रेंज नाही. एकाच कंपनीची रेंज येते, तीही गावाच्या वर टेकावर, एका आंब्याखाली. त्या आंब्याला सगळीकडं खिळे मारलेले. ज्याच्या त्याच्या घराचा खिळा ठरलेला, आणि प्रत्येक खिळ्याला कापडी पिशवीत मोबाईल! सकाळी आणून लटकवायचा, संध्याकाळी घरी न्यायचा. झाडाखाली कुणी ना कुणी शेळ्या घेऊन बसलेलं असतंच. फोन वाजला की ते खाली हाक मारतं, "ए, तुजा जावई बोलतोय रं!" मी हसून हसून बेजार झाले. कुंभार म्हणाले, "हसू नका मॅडम. आमच्यात मुलगी बघायला आले की आधी इचारतात, तुमचा खिळा कंचा?"

आता तो शुक्रवार. साडेदहा वाजून गेले होते, मी चहाचा पहिला घोट घेतला आणि माझा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर, आणि पलीकडं वारं सुटल्यासारखा आवाज.

"मॅडम, मी हौसाबाई बोलत्या. सुभेदारांची मंडळी. आंब्याखालनं बोलत्या. फोन शेजारच्या शालनचा हाय. तुमचा नंबर पासबुकावर हाय म्हणून केला."

सुभेदार म्हणजे फौजेतून रिटायर झालेले आमचे खातेदार. मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं. ताठ चालणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या आणि सोमवारी मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं. त्यासाठी ठेव मोडून सगळे पैसे आदल्या आठवड्यात मीच त्यांच्या बचत खात्यात आणून ठेवले होते. शनिवारी दवाखान्यात भरले की सोमवारचा नंबर पक्का, नाहीतर पुढची तारीख महिन्यानं. आणि डॉक्टरनं सांगितलं होतं, महिना यांच्या हातात नाही.

"बोला हौसाक्का, काय झालं?"

"आवं, समद्यांच्या फोनला रेगा हायत. शालनच्या हायत, सरपंचाच्या हायत, त्या खुळ्या बाळूच्या बी हायत. आमच्याच फोनला एक बी न्हाई. सकाळधरनं लटकावलाय. मला कायतरी लय वंगाळ वाटाय लागलंय."

माझा कप टेबलावर आदळला. चहा चेकबुकांवर सांडला. रेंज नसलेल्या गावात मेलेलं सिम कुणाला कळणार? पण चाळीस फोन एका झाडाला, आणि एकाच कंपनीचे! त्यात एकटाच गप्प असला तर ते रेंजचं काम नाही, हे त्या अंगठा लावणाऱ्या बाईनं ओळखलं होतं.

"शेवटचा फोन कधी लागला?"

"काल. रिपोर्ट आणाय शिराळ्याला आलतो न्हवं, तवा स्टँडवर एक फोन आलता त्यास्नी. दहा वाजलं आसतील."

"कुणाचा होता?"

"आसंल कुणाचातरी," त्या घाईनं म्हणाल्या.

मी घड्याळ बघितलं. दहा चाळीस! काल दहाला फोन आला, त्यानंतर तासाभरात सिम मेलं असं धरलं, तर चोवीस तास पुरे व्हायला अकरा वाजणार. वीस मिनिटं हातात, तीही माझ्या अंदाजाची. "कुंभार!" मी अशी ओरडले की रांगेतला एक म्हातारा दचकून बाजूला झाला. "सुभेदारांचं खातं काढा. पैसे बाहेर जायचे सगळे रस्ते बंद. आत्ताच्या आत्ता!"

कुंभारांनी विचारलं, "मॅडम, अर्ज?"

"अर्ज गेला खड्ड्यात!"

आमच्याकडं एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं मंजूर करायची अशी पद्धत असते, म्हणून एकटीला काही करता येत नाही. कुंभारांची बोटं चालली होती आणि मशीन त्या गोल गोल चकरा दाखवत बसलं होतं. देवा, ते चक्र! मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारल्या. दहा बावन्नला माझ्या पडद्यावर मंजुरीची ओळ आली, मी दाबली, खातं गोठलं. मग नेटबँकिंग बंद केलं, कार्ड बंद केलं. कुंभारांनी घाम पुसला आणि म्हणाले, "आता जर ह्यांचं सिम नुसतंच बिघडलं आसंल, तर तुमची न माझी दोगांची बदली गडचिरोलीला."

अकरा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर ओळ उमटली. कुणीतरी सुभेदारांच्या खात्यात शिरायला बघतंय, दरवाजा बंद. अकरा सहाला परत. अकरा सातला परत! मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू. कुंभार उभे राहिले आणि पडद्याला म्हणाले, "ये गड्या, ये, आजून एकदा ये!"

आणि मग शाखेचा फोन वाजला. त्या फोनवर आलेला नंबर दिसतो. नंबर सुभेदारांचा होता.

"मॅनेजर मॅडम का? मी सुभेदार बोलतोय." आवाज थकलेला, शब्द स्वच्छ. "माझं खातं का बंद केलंत?"

माझी सगळी हवा गेली. त्यानं न विचारता जन्मतारीख सांगितली. आईचं नाव, आधार नंबर, खात्याचे शेवटचे आकडे, सगळं बरोबर. फौजेत वर्षानुवर्षं बाहेर राहिलेले लोक असंच स्वच्छ बोलतात, त्यामुळं भाषेवरनं काही ठरवता येईना. तो म्हणाला, "छातीत कळ येतेय. घरी कॉटवर पडलोय, उठता येत नाही. गाडी बोलावलीय, दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणतात. मॅडम, मला काही झालं तर जबाबदार तुम्ही. मी वर तक्रार करीन."

विचार करा. नोंदलेल्या नंबरावरून बोलणारा, सगळी उत्तरं बरोबर देणारा माणूस एकीकडं. दुसरीकडं शेजारणीच्या फोनवरून बोललेली एक बाई, जिच्याकडं पुरावा म्हणून काही नाही. कागदानं बघितलं तर सुभेदार हाच! आणि खरोखर हाच असला तर हृदयाचा पेशंट माझ्या हट्टापायी तडफडतोय. खातं सोडलं आणि हा चोर निघाला तर सोमवारचं ऑपरेशन गेलं, म्हणजे तरी माणूसच गेला. माझा हात कळफलकावर होता. खातं सोडायला फक्त कुंभारांची एक नोंद आणि माझं एक बोट लागणार होतं.

तो परत म्हणाला, "मॅडम, ऐकताय ना?" आणि मला एकदम जाणवलं की मी खरंच ऐकतेय. एकेक शब्द ऐकू येतोय. मघाशी हौसाक्काचा आवाज वाऱ्यात तुटत होता, हा तर शेजारच्या खोलीत बसल्यासारखा.

मी आवाजात सगळी माया आणली. "सुभेदार, घाबरू नका, लगेच सोडते. तुम्ही घरातच आहात ना? कॉटवर?"

"हो मॅडम."

"फोन कट होऊ देऊ नका हं. घरात रेंज कशी आहे?"

"फुल रेंज आहे मॅडम, काही काळजी करू नका."

कुंभार कान लावून उभे होते. त्यांनी तोंडात रुमाल कोंबला, तरी हसू फुटलंच. त्या गावात कॉटवर पडून फोनवर बोललेला माणूस अजून जन्मायचा होता! मी म्हटलं, "बरं झालं बाई. आता असं करा, पाचच मिनिटं थांबा, मशीन जरा हळू आहे." त्याला मी तब्बल अकरा मिनिटं बोलत ठेवलं. पथ्य काय, गोळ्या कुठल्या, सूनबाई जवळ आहेत का, सगळं विचारलं. तेवढ्यात कुंभारांनी सायबर हेल्पलाईनला कळवलं, मोबाईल कंपनीला गाठलं आणि तो नंबर बंद पाडला. बोलता बोलता माझ्या कानात एकदम शांतता झाली. शाखेत रांगेसकट सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्या म्हाताऱ्यानं तर विचारलं, "मॅच जिंकली का वं?"

एवढ्यावर संपलं असतं तर काय हवं होतं. पण गोठवलेलं खातं सोडवायला सुभेदारांनी समोर येऊन सही करायला हवी होती. त्याच दुपारी कुंभारांनी निरोप धाडला आणि तीनच्या सुमाराला जीप दारात आली. पायऱ्या चढायची त्यांना बंदी, म्हणून अर्ज, पेन, शाईचं पॅड घेऊन मीच धावत खाली गेले. हौसाक्का पाणी आणायला समोरच्या हॉटेलात गेल्या होत्या. सुभेदारांनी सही केली. मी तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मंजुरीची सही केली, वर कुंभारांनी नोंद करून दुसऱ्या अधिकाऱ्याकडून पैसे थेट दवाखान्याच्या खात्यावर पाठवून घेतले आणि खिडकीतून अंगठा वर करून दाखवला. सोमवारचा नंबर पक्का!

मला वाटलं, सुभेदार हसतील. पण ते मान खाली घालून बसले होते.

"मॅडम, चूक माझीच हाय," ते म्हणाले. "काल स्टँडवर फोन आला. हिंदीत बोलत होता. म्हणला, रेकॉर्ड ऑफिसातनं साब बोल रहा हूँ, पेन्शनचं व्हेरिफिकेशन हाय, सावधान होऊन सुनो. काय झालं मला कळलं न्हाई. मी उटून हुबा ऱ्हायलो. स्टँडवर, लोकांत! जी साब, जी साब करत समदं सांगितलं. जन्मतारीख इचारली, दिली. आजार काय, ते बी सांगितलं. म्हणला मेसेजला एक दाबा, दाबला. सरहद्दीवर पोस्ट राखली मी मॅडम, आनि एका फोनवर..." मग हात जोडून म्हणाले, "एक करा. आमच्या मंडळीला सांगू नका. तिला वाटतंय सिम आपोआप बिगडलं. तिच्या नजरंत उतरलो तर ऑपरेशन करून तरी काय उपेग?"

खातेदाराची गोष्ट बाहेर सांगायची नाही, ही आमची नोकरीला लागल्यापासूनची शपथ. मी म्हटलं, "सांगणार नाही." हा भाग आजवर कुणालाच सांगितला नव्हता. हे लिहायच्या आधी दोघांना वेगवेगळं गाठून परवानगी घेतली. दोघंही हसून "लिवा की" म्हणाले.

सोमवारी मला राहवेना. रजा टाकली आणि मिरजेला गेले. हौसाक्का ऑपरेशन थिएटरच्या बाहेर फरशीवर बसल्या होत्या, पदर डोक्यावर, हातात पासबुकाची पिशवी. मीही शेजारी बसले. किती तास गेले देव जाणे. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, छान झालं, उद्या बोलतील. हौसाक्कांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. आम्ही दोघी रडलो आणि मग हसलो, लोक बघत होते तरी.

डोळे पुसून त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमास्नी एक सांगू? त्यास्नी कळू देऊ नका. स्टँडवर मी शेजारीच हुबी हुते. समदं ऐकलं. चार-पाच येळा जी साब म्हणलं. तवाच मला खटाकलं. रातभर झोप न्हाई. म्हणून तर सकाळी उटल्याउटल्या आंब्याकडं पळाले, बाकीच्यांच्या फोनच्या रेगा बगाय."

मी थक्कच झाले. "अहो, मग तिथंच का नाही अडवलं? घरी आल्यावर तरी बोलायचं!"

त्या जराशा हसल्या. पदर सारखा केला.

"आवं, चोवीस वरसं त्या 'जी साब'वर आमची चूल पेटली. पोरं शिकली, घर झालं. आता म्हातारपणी त्यालाच कुठल्या तोंडानं नावं ठिवू?"